रान, तलाव आणि पक्षी : नवेगावबांध परिसराच्या संदर्भात पक्षिनिरीक्षणाचा विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रात पक्षिनिरीक्षणाची ओळख बहुधा दोन वेगवेगळ्या वाटांनी होते. एक वाट रानाची. तीत पायवाटेने हळू चालणे, आवाजाचा माग काढणे आणि पानांआडून क्षणभर दिसणारा पक्षी ओळखणे अभिप्रेत असते. दुसरी वाट जलाशयाची. तीत काठावर एका जागी बसून दुर्बिणीतून दूरवरचे थवे मोजावे लागतात. पक्षिविषयक मराठी ग्रंथांतही 'रानपक्षी' आणि 'पाणपक्षी' अशी विभागणी रूढ आहे. अभ्यासाच्या सोयीसाठी ती उपयुक्तही आहे. तथापि काही प्रदेश असे आहेत की जेथे ही विभागणी पाळल्यास निरीक्षकाच्या हाती अर्धेच चित्र येते. पूर्व विदर्भातील गोंदिया व भंडारा हे जिल्हे अशा प्रदेशांपैकी होत. येथे पानझडी रान, तलाव आणि धानाच्या बांध्या एकमेकांत इतक्या मिसळलेल्या आहेत की एकाच सकाळी, एक-दोन किलोमीटरच्या अंतरात, पल्लवपुच्छ कोतवाल आणि कमळपक्षी यांची नोंद एकाच वहीत होऊ शकते.

प्रस्तुत लेखात नवेगावबांध व त्याच्या आसपासचा तलावांचा प्रदेश उदाहरणादाखल घेतला आहे. रान आणि पाणथळ हा पक्ष्यांच्या दृष्टीने एकच अधिवास कसा ठरतो, तो तसा मानल्यास निरीक्षणाची पद्धत कशी बदलते आणि शासकीय व्याख्यांमध्ये तो एकच न राहिल्यामुळे काय घडते, हे येथे विशद करावयाचे आहे.

माणसाने घडविलेली पाणथळ

नवेगावबांध हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. गोंदिया हा जिल्हा १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या लेखनात नवेगावचा उल्लेख भंडारा जिल्ह्यात येतो. येथील राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. नागझिरा अभयारण्य त्याहून काहीसे जुने, १९७० चे. या दोहोंसह लगतची अभयारण्ये एकत्र करून २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. येथील रान शुष्क पानझडी प्रकारचे असून साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू ही त्यातील ठळक झाडे. ओढ्यांच्या व तलावांच्या काठी अर्जुनाची जुनी झाडे आढळतात.

तलाव मात्र निसर्गाने दिलेला नाही. सात बहिणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांमधील जागा बांधाने अडवून सुमारे ११ चौ.कि.मी. विस्ताराचा हा जलाशय तयार झाला. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. कोलासूर या नावाने त्यांना देवत्व प्राप्त झाले आहे. कोहळी समाज हा या भागातील तलाव बांधणारा, पाण्याचा उतार जाणणारा समाज. जो रान साफ करील आणि तलाव बांधील त्याला त्या तलावाखालील जमीन, हे गोंड राजांच्या काळातील धोरण या प्रदेशात आजही सांगितले जाते. पुढे मालगुजारी व्यवस्थेत तलाव मालगुजारांकडे गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाच्या मालकीचे झाले. तेव्हापासून कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे म्हटले जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. याखेरीज शेतातल्या लहान लहान 'बोड्या' आहेत. त्या खासगी, आकाराने अगदी लहान, आणि गणतीत सहसा न येणाऱ्या.

हा इतिहास पक्षिनिरीक्षणाच्या लेखात कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, येथील पाणपक्ष्यांचा अधिवास गेली किमान तीनशे वर्षे शेतीच्या वेळापत्रकाने घडविला आहे. पाणी केव्हा अडवायचे, केव्हा सोडायचे, पाळीवरची झाडे राखायची की तोडायची, हे निर्णय गावाचे होते. त्या निर्णयांच्या मागोमाग पक्षी आले. नवेगावला येणारा निरीक्षक 'अस्पर्श निसर्ग' पाहत असल्याच्या समजुतीत असेल तर त्याच्या नोंदींचा अर्थ त्यालाच लागणार नाही.

ढोलीतील बदके

रान आणि पाणी यांचा सांधा कोठे आहे हे समजून घेण्यासाठी तीन बदकांकडे पाहावे. ही तिन्ही बदके स्थानिक आहेत, म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी नव्हेत. पहिले अडई, तांबूस रंगाचे, उडताना शीळ घालणारे. दुसरे काणूक, भारतातील सर्वांत लहान बदक, नराच्या गळ्यात गडद हिरवट पट्टा आणि एकूण अंग कापसासारखे पांढरे. तिसरे नकटा, आकाराने मोठे, नराच्या चोचीच्या मुळाशी मांसल उंचवटा असलेले.

बदक म्हटले की घरटे पाण्याकाठच्या गवतात असावे असे वाटते. ही तीन बदके मात्र प्रामुख्याने जुन्या झाडांच्या नैसर्गिक ढोलीत अंडी घालतात (अडई कधी झाडावरील इतर पक्ष्यांची जुनी घरटी किंवा काठचे दाट गवतही वापरते). पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच ढोलीतून खाली उडी घेतात आणि मादीच्या मागोमाग पाण्यापर्यंत चालत जातात. ढोली तयार होण्यास झाड पुरेसे वयस्क असावे लागते. फांदी मोडावी लागते, बुरशी व वाळवीने आतील लाकूड पोखरावे लागते. म्हणजे काणुकाच्या एका जोडीला पाण्याची जितकी गरज, तितकीच काठावरील म्हाताऱ्या झाडाची. आणि त्या झाडापासून पाण्यापर्यंतची वाट पिलांना चालता येण्याजोगी असावी लागते.

पाळीवरील झाडे तोडून तेथे फरसबंदी केली, काठाला उभी दगडी भिंत घातली, तर पाणी तेवढेच राहते, कमळेही राहतात, आणि काणूक नाहीसे होते. 'तलाव सुशोभीकरण' या नावाने चालणाऱ्या कामांत हे वारंवार घडते. पाण्याकडेच पाहणाऱ्या निरीक्षकाला त्याचे कारण सापडत नाही, कारण ते पाण्यात नसते.

असाच संबंध शिकारी पक्ष्यांचाही आहे. पूर्व विदर्भातील जलाशयांवर आढळणारा करड्या डोक्याचा मत्स्यगरुड माशांवर जगतो, पण घरटे बांधतो ते उंच झाडावर, पाण्यापासून जवळ. मासे धरणारे मोठे घुबड दिवसा दाट पालवीच्या झाडात बसून राहते आणि अंधार पडू लागताच पाण्याकडे येते. जाड लाल चोचीचा मोठा खंड्या उघड्या काठापेक्षा झाडांनी सावली धरलेला काठ पसंत करतो. हिवाळ्यात येणारी मीनखाई घार पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडावर बसून मासा खाताना दिसते. वाळलेले झाड हे वन व्यवस्थापनाच्या परिभाषेत बहुधा 'काढून टाकण्याजोगे'. पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचे मोल उभ्या हिरव्या झाडाहून अधिकही असू शकते.

पाण्याची खोली वाचणे

पाणपक्ष्यांच्या यादीचा अर्थ लावताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याची खोली. तरीही बहुसंख्य नोंदवह्यांत तिला रकाना नसतो.

बदकांत अन्न मिळविण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. तलवार बदक, थापट्या, गडवाल, तरंग ही बदके पृष्ठभागावर किंवा उथळ पाण्यात चरतात. डोके पाण्यात, शेपूट वर, अशा स्थितीत मान पोहोचेल तेवढ्या खोलीपर्यंतच त्यांना अन्न मिळते. मोठी लालसरी व तिच्या जातकुळीतील बदके बुडी मारतात, म्हणून त्यांना अधिक खोल पाणी चालते. वारकरी दोन्ही करतो. शेकाट्या लांब पायांमुळे पोटरीभर पाण्यात फिरू शकतो. तुतवार आणि पाणलावा यांना चिखल लागतो, पाणी जवळजवळ नकोच. जांभळी पाणकोंबडी दाट पाणवनस्पतींच्या कडेने वावरते. कमळपक्ष्याची बोटे इतकी लांब असतात की तो तरंगत्या पानांवरून सहज चालतो. त्याचे घरटेही त्याच पानांवर असते आणि अंडी उबविण्याचे काम नर करतो. मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा, गोगलगायी शोधत उथळ पाण्यात व बांध्यांत फिरतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एखाद्या तलावावर पक्ष्यांच्या किती जाती आहेत हे त्याच्या क्षेत्रफळावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक त्याच्या तळाच्या उतारावर अवलंबून आहे. जुने मालगुजारी तलाव बशीसारखे होते. पाळीजवळ खोल आणि विरुद्ध अंगाला, रानाच्या बाजूला, हळूहळू उथळ होत गेलेले. पावसाळ्यात ते भरत. पाऊस दडी मारी तेव्हा धानासाठी त्यांतून पाणी सोडले जाई. ऐन हिवाळ्यात, स्थलांतरित पक्षी येण्याच्या सुमारास, पाणी मागे सरून विस्तीर्ण उथळ पट्टा आणि ओला चिखल उघडा पडे. धानाच्या वेळापत्रकाने सैबेरिया व मध्य आशियातून येणाऱ्या पाहुण्यांचे ताट मांडले जात असे. तसा हेतू कोणाचाही नव्हता, हे यातले विशेष.

आता गाळ काढण्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार' योजनेखाली जलाशयांतील गाळ काढून शेतात टाकण्याची कामे झाली. तत्पूर्वीही अन्य योजनांतून तलावांचे खोलीकरण होत आले आहे. गाळ साचलेला तलाव पाणी साठवू शकत नाही, तेव्हा ही कामे आवश्यक आहेत यात शंका नाही. पक्षिप्रेमींनी सरसकट विरोध करणे अन्यायाचे ठरेल, कारण तलावाखालील शेतकऱ्याचे धान त्या पाण्यावर आहे. परंतु यंत्राने तळ सर्वत्र सारखा खोल खणला आणि काठ उभा कापला, तर बशीची बादली होते. बादलीत पाणी अधिक मावते, मात्र चरणारी बदके, शेकाट्या, तुतवार यांना उभे राहायला जागा उरत नाही. पाळीच्या बाजूला खोली वाढवून रानाकडील उथळ पट्टा जसाच्या तसा ठेवणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. तसे करावे हे सांगण्यासाठी मात्र त्या पट्ट्यात काय आहे याची आधीची नोंद हाताशी असावी लागते, आणि बहुतेक गावांत ती नसते.

पाणवनस्पतींची कथाही अशीच आहे. तलावातील कमळ, पोयणी, शिंगाडा आणि पाण्याखालील अनेक वनस्पती हे पक्ष्यांचे अन्नही आहे आणि निवाराही. अनेक तलावांत त्यांची जागा बेशरमाने घेतली आहे. मुळात दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती जनावरे खात नाहीत, ती काठापासून पाण्यात पसरत जाते आणि उथळ पट्टा नेमका तीच व्यापते. मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजाला तिचा उपद्रव पक्षिनिरीक्षकांच्या कितीतरी आधी कळला, कारण स्थानिक माशांची वीण याच उथळ, वनस्पतियुक्त पाण्यात होते. अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर समाजातील स्त्रीपुरुषांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सहकार्याने काही तलावांतील बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पतींची पुन्हा लागवड केली आहे. माशांसाठी हाती घेतलेले हे काम पक्ष्यांच्याही पथ्यावर पडणारे आहे. पक्षिनिरीक्षणाच्या शिबिरांत अशा जाणत्यांना 'मार्गदर्शक' म्हणून बोलावण्याऐवजी नाव वल्हविण्यापुरते बोलावले जाते, ही खेदाची बाब होय.

पावसाळा आणि सारस

पक्षिनिरीक्षणाचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, असा समज दृढ आहे. महाविद्यालयीन सहलीही याच काळात निघतात. रस्ते कोरडे असतात, हवा स्वच्छ असते आणि स्थलांतरित बदकांचे थवे एका नजरेत भरतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस, त्यावरून २०२० मध्ये शासनाने हा सप्ताह अधिकृतपणे निश्चित केला. चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या वनखात्यातील सेवेचा महत्त्वाचा काळ नवेगावात गेला आणि माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या तेथील जाणत्यांच्या सहवासात त्यांच्या लेखनाला वळण मिळाले, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. त्यांचा 'पक्षिकोश' मराठी अध्यापकाच्याही हाताशी असावा असा ग्रंथ आहे. त्यांच्या नवेगावविषयक लेखनाचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. त्यात सर्व ऋतू आहेत.

पावसाळ्याकडे दुर्लक्ष केल्याने नेमके काय हातचे निसटते? स्थानिक पाणपक्ष्यांची वीण जवळजवळ सगळी याच काळात होते. वर उल्लेखिलेली तिन्ही बदके, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांची घरटी व पिले जून ते सप्टेंबर या महिन्यांत दिसतात. रानात नवरंग पावसाच्या सुरुवातीला दक्षिणेकडून येतो, वीण करतो आणि हिवाळ्यापूर्वी परततो. जानेवारीत नवेगावला येणारा निरीक्षक नवरंग येथे नाहीच असे प्रामाणिकपणे लिहून जाईल. हिवाळी गणना सांगते की येथे कोण मुक्कामाला आले. येथे कोण जन्माला आले हे ती सांगत नाही, आणि अधिवासाचे आरोग्य दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून अधिक कळते.

सारस क्रौंच हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असा हा पक्षी महाराष्ट्रात आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात, आणि अगदी थोड्या संख्येने भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांत उरला आहे. वैनगंगा व बाघ नद्यांच्या खोऱ्यातील तलाव आणि धानशेती, विशेषतः गोंदिया तालुक्यातील परसवाडा व झिलमिली यांसारख्या तलावांचा परिसर, हा त्याचा आधार. गेल्या काही वर्षांतील गणनांमध्ये गोंदिया जिल्ह्यातील संख्या पन्नाशीच्या आतच राहिली आहे. या घटत्या संख्येची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली.

सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात किंवा थेट धानाच्या बांधीत गवत, काड्या, पाणवनस्पती यांचा ढीग रचून घरटे करतो. अंडी बहुधा दोन. नर व मादी दोघेही सुमारे महिनाभर उबवितात. घरट्यासाठी बांधीतील काही धान मोडते, हे शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. त्या महिनाभरात अंडी भटक्या कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या तोंडी पडू शकतात, पाण्याची पातळी वाढून घरटे बुडू शकते, आणि पिले मोठी होऊन उडू लागल्यावर विजेच्या तारांना धडकू शकतात. यापैकी एकही गोष्ट जानेवारीतील गणनेत दिसत नाही. गणनेत दिसतो तो परिणाम, म्हणजे जोडीबरोबर पिलू आहे किंवा नाही. म्हणून सारसाच्या बाबतीत एकूण आकड्याहून 'पिलांसह जोड्या किती' हा आकडा अधिक बोलका आहे. सारस दीर्घायुषी पक्षी असल्याने वीण फसत राहिली तरी प्रौढांची संख्या काही वर्षे तशीच दिसत राहते.

येथे एक सावधगिरी नमूद करणे भाग आहे. घरट्याची जागा नोंदवहीत अवश्य लिहावी, प्रसिद्ध करू नये. छायाचित्रासाठी बांधीत उतरलेल्या माणसांमुळे उबविणारा पक्षी उठतो आणि अंडी उघडी पडतात. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून रानपक्ष्यांना जवळ बोलाविण्याची रीतही विणीच्या काळात तितकीच गैर.

नोंद कशी असावी

सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हौशी माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले. ओळखणे ही पहिली पायरी. पुढची पायरी नोंदीची आहे, आणि महाविद्यालयांतील पक्षिनिरीक्षण बहुधा पहिल्या पायरीवरच थांबते. सहलीनंतर भित्तिपत्रकावर जातींची यादी लागते, त्यात दुर्मीळ पक्षी ठळक अक्षरांत असतात, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी सहल जाते. अशा यादीचा तुलनेसाठी काहीच उपयोग होत नाही.

तुलना करता यावी यासाठी नोंदीत तीन गोष्टी लागतात. किती वेळ, किती माणसांनी, किती अंतर पाहिले; दिसलेल्या सर्व जातींची संख्या, केवळ आवडत्या जातींची नव्हे; आणि तीच जागा पुन्हा पुन्हा. यादी पूर्ण असेल तर तीत एखाद्या पक्ष्याचे नसणे हीही माहिती ठरते. २००२ मध्ये सुरू झालेली 'ई-बर्ड' ही संगणकीय नोंदप्रणाली याच तत्त्वावर उभी आहे. भारतातील हौशी निरीक्षकांच्या अशा याद्यांच्या आधारे २०२३ मध्ये देशातील ९४२ जातींच्या स्थितीचा अहवाल तयार होऊ शकला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्याचे त्यात आढळले. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना हे दुसरे उदाहरण.

रान व तलाव असा संमिश्र प्रदेश असेल तर मार्गाची आखणीही त्यानुसार करावी. आरंभ रानात, ओढ्याच्या काठाने तलावाच्या उथळ अंगाकडे, तेथून पाळीवर आणि शेवट धानाच्या बांध्यांत. प्रत्येक टप्प्याची यादी वेगळी, मात्र दिवस एकच. रानात हिवाळ्यात लहान पक्ष्यांचे मिश्र थवे फिरतात, तेव्हा चालण्याचा वेग थव्याच्या वेगाशी जुळवावा लागतो. तलावावर सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. मोठा थवा मोजताना आधी दहा-वीस पक्षी प्रत्यक्ष मोजून तेवढा भाग डोळ्यांत बसवावा आणि मग थवा अशा किती भागांचा आहे ते पाहावे. आणि पाण्याच्या कडेला रोवलेल्या खुणेच्या काठीवरून पातळी लिहावी. या शेवटच्या नोंदीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

व्याख्येबाहेरचे तलाव

पाणथळींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झाला. त्याची व्याख्या व्यापक आहे. नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा हंगामी, पाणथळ ती पाणथळ. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर या करारान्वये मान्यता मिळालेले राज्यातील पहिले स्थळ, आणि तेही गोदावरीवरील एका बंधाऱ्यामुळे तयार झालेले. भारताच्या २०१७ च्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी मात्र आपल्या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्या. नदीपात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय, आणि मत्स्यशेती, मीठ उत्पादन, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना.

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने या यादीचा अर्थ गंभीर आहे. मालगुजारी तलाव सिंचनासाठी बांधलेला आहे. सारसाचे घरटे भातशेतीत आहे. म्हणजे ज्या दोन जागांवर येथील पाणपक्ष्यांचे जीवन अवलंबून आहे, त्या दोन्ही नियमांतील व्याख्येबाहेर पडतात. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने उपग्रह प्रतिमांवरून तयार केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी नोंदल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना संरक्षणाच्या तत्त्वांखाली आणले. त्यामुळे मोठ्या तलावांना काहीसा आधार मिळतो. २.२५ हेक्टरहून लहान पाणथळी नकाशावर बिंदू म्हणून दाखविल्या आहेत, आणि बोड्या बहुतांशी याच वर्गात मोडतात.

प्रशासनातील विभागणी याहूनही बारीक आहे. रान वनविभागाकडे, तलाव आकारमानानुसार पाटबंधारे विभाग किंवा जिल्हा परिषदेकडे, मासे संस्थेच्या ठेक्याकडे, बांधी शेतकऱ्याकडे, बोडीची नोंद सातबाऱ्यावर. काणुकाची एक जोडी मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत यांपैकी तीन-चार हद्दी ओलांडते. तिचा पाठपुरावा करण्याचे काम यांपैकी कोणत्याही कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

महाविद्यालय अशा हद्दींनी बांधलेले नाही. अर्जुनी मोरगाव, साकोली, लाखांदूर यांसारख्या तालुक्यांतील विद्यार्थी दररोज तलावांच्या पाळीवरूनच ये-जा करतात. प्राणिशास्त्राच्या विभागाने पक्ष्यांची यादी करावी, भूगोलाच्या विभागाने उतार व पातळी मोजावी, मराठीच्या विभागाने ढीवर व कोहळी वृद्धांकडून तलावांची, वनस्पतींची, पक्ष्यांची नावे उतरवून घ्यावीत. आरंभ पाच बोड्यांपासून करता येईल. प्रत्येकीचा गट क्रमांक, क्षेत्रफळ, कडेच्या ढोलीयुक्त झाडांची संख्या, जून ते मे दरमहा एक पूर्ण यादी आणि पाण्याची पातळी, एवढे एका वहीत मावते. बोडी बुजविण्याचा वा खोल करण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी, तेथे आजवर काय होते हे सांगणारा दुसरा कागद गावात नसेल.